भांडणाऱ्या मंडळीतच मी का राहते

नात्यातली पोरं, शेजारच्या इमारतीतले ख्रिस्ती विश्वासी, कधी कधी आमच्याच मंडळीतून, म्हणजे आमच्या चर्चमधून, बाहेर पडलेली माणसं मला विचारतात, "ताई, तुम्ही अजून तिथेच जाता?" विचारण्यात काळजी असते, थोडी कीवही असते. तिथे काय चालतं ते त्यांना ठाऊक असतं आणि मलाही ठाऊक आहे. गाडी पकडायच्या घाईत या प्रश्नाचं उत्तर देता येत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहिते आहे.

मी ऐरोलीत राहते आणि माझी मंडळी ठाण्यात आहे. जुनी मराठी मंडळी. नगर, संगमनेर, जालना, सोलापूर इकडून पोटापाण्यासाठी ठाण्या-कळव्याला आलेल्या कुटुंबांची. कुणी कारखान्यात लागलं, कुणी नर्स झालं, कुणी शाळेत मास्तर. रविवारी साडेआठची उपासना. दान मोजून, वहीत लिहून निघेपर्यंत अकरा वाजत येतात, आणि ट्रान्स-हार्बरला मेगाब्लॉक असला की ठाणे स्टेशनातून परत बाहेर येऊन विटाव्यावरून जाणारी बस शोधावी लागते. घरापासून चालत जाता येईल अशा सभा ऐरोलीत आहेत. चांगल्या आहेत. तरी मी ठाण्यालाच जाते.

आधी दोष सांगते, म्हणजे मी काही झाकते आहे असं कुणाला वाटायला नको. वार्षिक सभेत आवाज चढतात. एकदा तर माईक हिसकावण्यापर्यंत मजल गेली आणि शब्बाथशाळेची, म्हणजे रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गाची, मुलं दारातून ते बघत उभी होती. पाळकसाहेबांची, म्हणजे मंडळीच्या धर्मगुरूंची, बदली झाली की दोन तट पडतात. एक तट नव्या पाळकांना कितीतरी दिवस सलामसुद्धा करत नाही. गायकवृंद आणि तरुण संघ यांच्यात कीबोर्डवरून अबोला आहे. महिला मंडळाची पदं त्याच त्या घरांत फिरतात.

यापेक्षा खोल दुखणं जातीचं आहे. वेदीवरून आम्ही ऐकतो की ख्रिस्तात सगळे एक शरीर आहेत. पण मुलीचं स्थळ बघायची वेळ आली की "मूळ गाव कुठलं हो तुमचं?" असं हळूच विचारलं जातं, आणि त्यात काय विचारलं आहे ते दोन्हीकडच्यांना बरोबर कळतं. ज्यांच्या आजोबा-पणजोबांनी जातीच्या जाचातून सुटायला बाप्तिस्मा घेतला, त्यांच्याच घरात हे चालतं. मला याची मनापासून लाज वाटते, आणि मंडळीतही मी हे उभं राहून बोलले आहे.

ठाण्यातल्या ख्रिस्ती घरात भांडण ही काही आजची गोष्ट नाही. १३२१ साली फ्रान्सिस्कन संघाचे चार ख्रिस्ती भिक्षू समुद्रमार्गाने ठाण्याला आले आणि इथल्या एका नेस्टोरियन, म्हणजे पूर्वेकडच्या जुन्या परंपरेतल्या, ख्रिस्ती कुटुंबात उतरले. थोड्याच काळात त्या घरात नवरा-बायकोचं भांडण झालं, नवऱ्याने बायकोला मारलं. ती बाई काझीकडे गेली आणि साक्षीदार म्हणून तिने या चौघांची नावं सांगितली. त्यातून त्यांची चौकशी झाली, धर्मावर वाद झाला, आणि शेवटी चौघेही ठाण्यात मारले गेले. पुढच्याच काळात इथे आलेल्या ओडोरिक नावाच्या भिक्षूने हे सगळं नोंदवून ठेवलं आहे. आम्ही हुतात्म्यांची आठवण मोठ्या अभिमानाने काढतो. मी मात्र त्या घराचा विचार करते. देवाचे चार सेवक पाहुणे म्हणून बसलेत आणि आत बाई मार खाते आहे. मंडळीचं या शहरातलं इतकं जुनं चित्र, आणि त्यातही ती निर्दोष नाही. तरी सातशे वर्षांनंतरही या गावात येशूचं नाव घेतलं जातं आहे.

आता सोडून जाण्याविषयी. नवी मुंबईत ते फार सोपं आहे. वाशी, नेरुळ, खारघर, घणसोली, सगळीकडे कुठल्या तरी शाळेच्या हॉलमध्ये रविवारी सकाळी सभा भरते. २०२० च्या लॉकडाऊनपासून तर घराबाहेरही पडावं लागत नाही. फोन टेबलावर उभा केला की उपासना सुरू. माझी भाची खारघरला जिथे जाते तिथे मी जाऊन आले. सभा वेळेवर सुरू झाली, वचन नीट अभ्यास करून सांगितलं, गाणारी मुलं जीव ओतून गात होती. त्यांच्यासाठी मी देवाचे आभार मानले आणि आजही मानते. पण त्या हॉलमध्ये साठीच्या वरचं माणूस मला शोधूनही दिसलं नाही. मराठीतून प्रार्थना करणारं कुणी नव्हतं. घरकाम करून दमून आलेली बाई नव्हती.

आमच्यासारखी मंडळी सोडून कोण जातं, हे मी बरीच वर्षं बघते आहे. ज्याच्या दारात गाडी आहे तो जातो. ज्याला इंग्रजी प्रवचन कळतं, ज्याची मुलं इंग्रजी शाळेत आहेत, ज्याला कुठेही खुर्ची मिळेल, तो जातो. मागे राहतात विटाव्याहून येणाऱ्या आजी. त्यांना वाचता येत नाही. गीताचा नंबर सांगितला की शेजारची मुलगी त्यांच्या हातातलं गायनपुस्तक उघडून देते, आजी ते छातीशी धरतात आणि डोळे मिटून गातात, सगळी कडवी, तोंडपाठ, बाकीच्यांच्या किंचित पुढे. ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांची भजनं त्यांना त्यांच्या आईने शिकवली, जात्यावर. मागे राहते ती ताई, जी आशीर्वाद झाला की चपला घालून थेट घोडबंदरच्या कामावर पळते. राहतो तो मुलगा, ज्याचा बाप दारूत गेला आणि ज्याची फी गुपचूप मंडळीतल्याच कुणीतरी भरली.

शिकलेली, नोकरदार कुटुंबं निघून जातात तेव्हा भांडणं थांबत नाहीत. हिशेब वाचू शकणारे डोळे तेवढे कमी होतात. आजींचा पेन्शनचा फॉर्म भरणारा हात कमी होतो. सभेत दांडगाई करणाऱ्याला "भाऊ, खाली बसा" म्हणणारं माणूस कमी होतं. जाणाऱ्याला शांतता मिळते हे खरं, पण तिची किंमत आजी भरतात. जाण्याचा विचार करणाऱ्या प्रत्येकाने एकदा हे मनात आणावं असं मला कळकळीने वाटतं.

लोक म्हणतात, पहिल्या शतकातली मंडळी कशी होती बघा. बघूया. ग्रीसमधल्या करिंथ शहराच्या मंडळीत "मी पौलाचा", "मी अपुल्लोसाचा", "मी केफाचा" (म्हणजे पेत्राचा) असे गट होते. भाऊ भावाला न्यायालयात खेचत होता. प्रभुभोजनाला, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षारस वाटून घेण्याच्या विधीला, काहीजण आधी येऊन खाऊन-पिऊन झिंगत आणि गरीब उपाशी राहत. प्रेषित पौलाने त्यांना लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या पहिल्या, सहाव्या आणि अकराव्या अध्यायांत हे सगळं उघड लिहिलेलं आहे. आणि तरी त्याच पत्राच्या सुरुवातीला पौल त्यांना देवाची मंडळी म्हणतो. त्याने त्यांना चांगलं झाडलं, पण चांगल्या माणसांनी उठून दुसरीकडे जावं असं कुठेच सांगितलं नाही. पाचव्या अध्यायात बाहेर काढायला सांगितलं ते उघड पापात राहून त्याचा अभिमान बाळगणाऱ्याला. जायचं कुणी, हा क्रम आपण आज उलटा केला आहे. गैरवागणारा खुर्चीवर बसून राहतो आणि ज्याला ते खुपतं तो निघून जातो.

फिलिप्पै मंडळीला लिहिलेल्या पत्रातली ती दोन नावं मला नेहमी थांबवतात. युवदीया आणि सुंतुखे. चौथ्या अध्यायात पौल दोघींना वेगवेगळी विनंती करतो की एकमनाच्या व्हा, आणि आपल्या एका सोबत्याला सांगतो की या बायांना मदत कर, यांनी माझ्याबरोबर सुवार्तेसाठी श्रम केले आहेत. ही पत्रं मंडळीत सगळ्यांसमोर वाचली जात. म्हणजे त्या दोघी बहुधा तिथेच बसलेल्या, अख्ख्या मंडळीच्या माना त्यांच्याकडे वळलेल्या. भांडण काय होतं ते आपल्याला कळत नाही. मदत करायला मात्र एका तिसऱ्या माणसाला सांगितलं गेलं. आमच्या महिला मंडळात मला त्या तिसऱ्या माणसाची जागा पुष्कळदा रिकामी दिसते.

एका तरुणाने मला फार कळवळून विचारलं होतं, "ज्याच्या वागण्यावर विश्वास नाही त्या पाळकाच्या हातून प्रभुभोजन कसं घ्यायचं?" हा प्रश्न उडवून लावण्यासारखा नाही. यावरूनच उत्तर आफ्रिकेतली मंडळी दुभंगली होती. ३०३ मध्ये डायोक्लेशन बादशहाने ख्रिस्ती लोकांचा छळ सुरू केला, पवित्र शास्त्राच्या पोथ्या जाळायला मागितल्या. मंडळीच्याच काही अधिकाऱ्यांनी जीव वाचवायला पोथ्या देऊन टाकल्या. छळ संपल्यावर कार्थेजमध्ये कैकिलियन बिशप झाला, आणि त्याला अभिषेक करणाऱ्यानेही पोथ्या दिल्या होत्या असा आरोप झाला. मग दुसरा बिशप उभा राहिला. त्याच्यामागून आलेल्या डोनाटसच्या नावाने तो पंथ ओळखला जाऊ लागला. आम्ही शुद्ध, तुम्ही डागाळलेले. शंभर वर्षं एकाच गावात दोन-दोन बिशप. ४११ मध्ये कार्थेजला दोन्ही बाजूंचे शेकडो बिशप समोरासमोर बसले, तरी मनं जुळली नाहीत.

त्याच भागातल्या हिप्पो शहराचा बिशप ऑगस्टिन याने डोनाटसवाल्यांना दिलेलं उत्तर मी त्या तरुणाला सांगितलं. बाप्तिस्मा देणारा कुणीही असो, देतो तो ख्रिस्तच. भाकर ख्रिस्ताची आहे. ती हातात ठेवणाऱ्याच्या चांगुलपणावर तिचं पोषण अवलंबून असतं तर आपल्यापैकी कुणालाही कधीच खात्री वाटली नसती. शेतात गहू आणि निदण, म्हणजे तण, कापणीपर्यंत बरोबर वाढणार, हे प्रभूने स्वतः मत्तयाच्या तेराव्या अध्यायात सांगितलं आहे. ऑगस्टिनने पुढे डोनाटसवाल्यांना वळणावर आणायला राजसत्तेचा बडगा वापरण्याचं समर्थन केलं, ते मला अजिबात मान्य नाही. पण त्याचं पहिलं म्हणणं मी घट्ट धरून आहे.

टिळकांचा दाखलाही मला देतात. "तेसुद्धा सोडून गेलेच ना?" १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या टिळकांनी १९१७ मध्ये अमेरिकन मिशनची पगारी सेवा सोडली आणि 'देवाचा दरबार' ही देशी वळणाची ख्रिस्ती संगत सुरू केली, हे खरं आहे. परदेशी वळणाच्या चाकोरीत त्यांचा जीव गुदमरत होता. पण त्यांनी पगार सोडला. मराठी मंडळीला गाणी देणं सोडलं नाही. १९१९ मध्ये ते गेले, आणि आज आमच्याकडे दोन्ही तट एका गोष्टीवर एकमताचे आहेत, ती म्हणजे त्यांची भजनं.

तुटायला एक संध्याकाळ पुरते. जोडायला किती वेळ लागतो बघा: २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात सहा वेगवेगळ्या ख्रिस्ती पंथांच्या मंडळ्या मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं, त्याची बोलणी १९२९ पासून चालली होती. अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन-काँग्रिगेशनल, बाप्टिस्ट, मेथॉडिस्ट, ब्रदरन, डिसायपल्स. बाप्तिस्मा बाळांना द्यायचा की मोठ्यांना, यावरसुद्धा ज्यांचं जमत नव्हतं, ती माणसं चाळीस वर्षं एकमेकांसमोर बसत राहिली. आणि आम्ही कीबोर्डवरून उठून जातो.

राहायचं म्हणजे गप्प राहायचं, असं मात्र मी कुणालाही सांगणार नाही. आमच्याकडे छताच्या दुरुस्तीसाठी निधी जमा झाला होता. पावसाळे गेले, छत गळतच होतं, आणि हिशेब काही सभेपुढे येईना. त्या काळात बरीच कुटुंबं गेली. राहिलेल्यांतल्या काहींनी लेखी पत्र दिलं. उत्तर आलं नाही, पुन्हा दिलं. सार्वजनिक ट्रस्टचा १९५० चा कायदा आहे, ट्रस्टला हिशेब तपासून घ्यावेच लागतात आणि धर्मादाय आयुक्तांचं कार्यालय त्यासाठीच आहे, हे आम्ही शांतपणे, सलाम करून, सांगितलं. "पाळकांवर शंका घेता?" असं आम्हाला ऐकवलं गेलं. ज्या गरीब विधवेने मंदिराच्या भांडारात दोन छोटी नाणी टाकली तिच्याकडे प्रभूचं लक्ष होतं. मग तिच्या पैशाचं पुढे काय झालं हे विचारणं अभक्ती कशी? शेवटी हिशेब तपासले गेले. पैसे कुणी घरी नेले होते असं निघालं नाही. पण पुष्कळ खर्चांना बिलंच नव्हती, आणि पुष्कळ कामं ओळखीच्याच माणसाला दिलेली होती. त्यानंतर पद्धत बदलली.

आता उपासना संपली की मागच्या खोलीत टेबल मांडतात. दानाच्या पिशव्या उलट्या करायच्या. आधी पाकिटं बाजूला. त्यांच्यावर नाव आणि महिना असतो, आतली रक्कम पाकिटावर लिहून मगच नोटा गठ्ठ्यात. चुरगळलेल्या दहाच्या, वीसच्या नोटा तळहाताने सपाट करायच्या. नाण्यांच्या चळती लावायच्या. एकाने मोजलं की दुसऱ्याने पुन्हा मोजायचं, दोघांची वहीत सही, आणि तिसऱ्याने पेटीला कुलूप लावायचं. मोजणाऱ्या दोघी एका तटाच्या नसाव्यात अशी आम्हीच शिस्त ठेवली आहे. महिनाअखेर जमाखर्चाचा कागद दाराजवळच्या फळ्यावर लागतो. विटाव्याच्या आजी तो कुणाकडून तरी वाचून घेतात. छत आता गळत नाही. जे निघून गेले त्यांना यातलं काहीच माहीत नाही, त्यांच्या मनात मंडळी अजून त्या जुन्या पावसाळ्यातच आहे.

आणि काही गोष्टींत थांबायचं नसतं. लेकराला कुणी हात लावला, मग तो पाळक असो, शब्बाथशाळेचा शिक्षक असो की कमिटीचा मोठा माणूस, तर कमिटीची मीटिंग बोलवत बसू नका. आधी पोलीस. २०१२ च्या पॉक्सो कायद्याने असा गुन्हा कळल्यावर कळवणं प्रत्येकाला बंधनकारक आहे, "मंडळीचं नाव खराब होईल" हे कारण तिथे चालत नाही आणि देवापुढेही चालणार नाही. नवरा मारत असेल तर त्या बाईला "प्रार्थना कर, सहन कर" सांगून घरी पाठवणाऱ्यांना मी तोंडावर सांगते की हा येशूचा मार्ग नाही. २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा तिच्यासाठी आहे, आणि तिला संरक्षण अधिकाऱ्याकडे हात धरून नेणं हे मंडळीचं काम आहे. जिथे अशा गोष्टी दाबल्या जातात, किंवा जिथे ख्रिस्ताऐवजी एका माणसाचीच आरती चालते आणि प्रश्न विचारणाऱ्याला शापाची भीती घातली जाते, तिथून लेकरांना घेऊन निघा. मी लिहिते आहे ते या संकटांबद्दल नाही. मी लिहिते आहे ते मन दुखावण्याबद्दल, कंटाळ्याबद्दल, मानापमानाबद्दल, गलथान कारभाराबद्दल. बहुतेक लोक या कारणांनीच जातात.

सासूबाई गेल्या तेव्हा जुलै होता. आदल्या रात्रीपासून पाऊस. दफनभूमीत खड्डा तयार होता, पण आम्ही पेटी घेऊन पोहोचेपर्यंत त्यात गुडघाभर पाणी साचलं. खणणारा माणूस एकटा, बादली एक. सगळे छत्र्या धरून कडेला उभे. तेवढ्यात ज्यांच्या हिशेबाविरुद्ध आम्ही पत्रं दिली होती, ज्यांच्याशी माझ्या नवऱ्याचं सभेत कडाक्याचं वाजलं होतं, ते गृहस्थ पुढे आले. छत्री बाजूला ठेवली, बूट काढले, पँट वर दुमडली आणि चिखलाच्या कडेवर हात टेकून आत उतरले. दुसरी बादली कुणीतरी आणली. ते खालून भरून देत, माझा नवरा वरून घेऊन ओतत होता. दोघं एक शब्द बोलत नव्हते. पाणी पुन्हा पुन्हा झिरपत होतं आणि बादल्या वर येत होत्या. मग तळाला वाळूच्या दोन गोण्या टाकल्या, आणि पाळकसाहेबांनी पुस्तक उघडलं. सासूबाईंना ज्या दोऱ्यांनी खाली सोडलं, त्यातल्या एका दोरीचं टोक त्या गृहस्थांच्या हातात होतं.

त्यानंतर बिलांचा प्रश्न आम्ही सोडून दिला नाही, आणि त्यांनीही उत्तर द्यायचं टाळलं नाही. पुढच्या सभेत ते स्वतः फाईल घेऊन आले. जिथे कागद नव्हता तिथे "कागद नाही" म्हणाले. त्यांची काही मतं मला आजही पटत नाहीत. पण उपासनेनंतर आम्ही एकमेकांना सलाम करतो आणि तो तोंडदेखला नसतो. मी ज्या सभेत फक्त गाणी आणि वचन ऐकायला जाईन, तिथे असा माणूस मला मिळणार नाही. तिथे माझं कुणाशी वाकडं नसेल, आणि म्हणून कुणाशी काही मिटवायचंही नसेल. प्रभूने वैऱ्यावर प्रेम करायला सांगितलं. तो वैरी कुठे सापडतो म्हणता? माझ्या अनुभवात बहुतेकदा दोन बाक सोडून पुढे बसलेला असतो. इब्री लोकांस पत्राच्या दहाव्या अध्यायात एकत्र मिळणं सोडू नका असं सांगितलं आहे, आणि त्याच वाक्यात एकमेकांना बोध करायला सांगितलं आहे. बोध करायचा तर समोर माणूस हवं, ओळखीचं, ज्याचा राग येतो असं.

आता कामाचं. वार्षिक सभा पावसाळ्याआधी आहे. जे गेलेत त्यांच्यापैकी बऱ्याच जणांची नावं सभासद यादीत अजून आहेत. थकलेली वर्गणी भरली की मत देता येतं, प्रश्न विचारता येतो, आणि पदासाठी उभंही राहता येतं. यंदा खजिनदार बदलायचा आहे आणि ज्याला एक्सेल येतं असं माणूस आम्हाला हवं आहे. शब्बाथशाळेच्या लहान वर्गाला शिक्षिका नाही. दानमोजणीला एकजण कमी पडतो. ज्याला जमेल त्याने येत्या रविवारी आशीर्वाद झाल्यावर मागच्या खोलीत यावं, टेबल मी मांडून ठेवते.